उलट विचारायचं राहून गेलं

सुम्बावांगा, टांझानिया
१८ फेब्रुवारी २०२३

ति. अक्का,
शरणार्थ.

आईला फोनवर काही ऐकू येत नाही आणि तू कानाशी बसून पत्र वाचलंस की सगळं कळतं, म्हणून हा कागद. पोस्टाला तीन आठवडे लागतात. पण रविवारी फोनवर आपण जे दोन मिनिटं ओरडतो, त्यापेक्षा हे बरं.

आमची बोअरची गाडी आता फिपा लोकांच्या मुलखात आली आहे. उंच पठार आहे. झाड शोधावं लागतं, बाकी जिकडं बघावं तिकडं कमरेएवढं गवत. सकाळी स्वेटर घालावा लागतो, आईला सांग. माझा दुभाषी देओ याच लोकांतला. त्याच्या पणजोबांच्या काळी हे लोक दगडातून लोखंड गाळायचे. त्या मातीच्या भट्ट्या, दोन पुरुष उंचीच्या, अजून रानात उभ्या आहेत. देओ त्यांच्याजवळून जाताना आवाज खाली करतो.

दोन आठवड्यांपूर्वी दवाखान्याजवळ बोअर घेतला. गावच्या प्रमुखानं दाखवलेली जागा उताराची होती. शेजारच्या शेतात गवत-मातीचे गोल ढीग होते, गुडघाभर उंच, साठ-सत्तर तरी असतील. कुणीतरी तण काढून रचून ठेवलं असावं. वर कुठं कुठं घेवड्याचे कोंब आले होते. गाडीला सपाट जागा हवी म्हणून मी डोझर फिरवला आणि तासाभरात सगळं साफ करून टाकलं. दोनशे फुटांवर पाणी लागलं. बाया नाचल्या.

तेव्हापासून एक म्हातारी रोज सकाळी माझ्याकडे येते. बीबी युस्तिना तिचं नाव. बीबी म्हणजे आजी. इथली माणसं रामराम करतात ते बघण्यासारखं असतं. ती खाली उकिडवी बसते, हलकेच टाळ्या वाजवते आणि मग एकेक विचारत जाते. झोप लागली का? घरचे कसे आहेत? आई कशी आहे? आईचं शेत कसं आहे? मी शिकून घेतलेला एकच शब्द सांगतो, ‘न्झुरी’, म्हणजे छान, आणि गाडीत बसतो. एवढा मान मला केजमध्ये कधी मिळाला नाही. पाणी काढून दिल्याची जाण ठेवतात बिचारे.

तुझा,
सिद्धाराम

केज
१४ मार्च २०२३

चि. सिद्धाराम,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. दुकानात गिऱ्हाईक होतं, त्याला थांबवून आईला वाचून दाखवलं. मग गल्लीत दोन घरी वाचलं. कावेरीबाईचा पोरगा आफ्रिकेत पाणी काढतो म्हणून आईला सगळे दारात उभं राहून सांगून गेले. इतकी वर्षं तुझ्याबद्दल विचारलं की मी विषय बदलायचे, आता मीच काढते. तेव्हा फुगू नकोस, पण आनंद झाला एवढं खरं.

आईनं त्या ढिगाऱ्यांबद्दल खोदून खोदून विचारलं. केवढे होते, गवत वर होतं का मातीखाली, बाई खाते काय. तुला माहीत आहे, तिला शेतातलं काही सुटत नाही. असो.

तिची एक तक्रार मात्र लिहिते. तुझ्या पत्रात आमची विचारपूस नाही. पूर्वीची माणसं कागदाच्या शेवटी तरी ‘तुमची खुशाली कळवा’ म्हणायची. “ह्यो लई घाईत असतो,” म्हणाली. मी म्हटलं, इंजिनं चालवणारा माणूस आहे, घाईत असायचाच.

काम सोडून कुठं जाऊ नकोस. अंगावर गरम घाल.

तुझी,
शिवगंगा

सुम्बावांगा
२० एप्रिल २०२३

ति. अक्का,
शरणार्थ.

दुसरा बोअर कोरडा गेला, तिसरा लागला. पाऊस थांबला आहे आणि गवत वाळून पिवळं पडलं आहे. आता सहा महिने थेंब पडायचा नाही म्हणतात.

बीबी युस्तिना अजून येते. आता तिचं विचारून झालं तरी ती लगेच उठत नाही. माझ्याकडे बघत बसून राहते, काहीतरी घ्यायचं राहिल्यासारखी. मला वाटलं अपेक्षा असेल, म्हणून बिस्किटांचा पुडा दिला. तिनं दोन्ही हातांनी घेतला, पुन्हा टाळ्या वाजवल्या आणि तरी बसूनच राहिली. देओ काहीतरी बोलणार होता, पण तेवढ्यात गाडीचा पंप बिघडल्याचा निरोप आला आणि मी निघालो. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा हजर. फारच लोभ आहे बाईचा.

आईला सांग, स्वेटर घालतो.

तुझा,
सिद्धाराम

सुम्बावांगा
५ डिसेंबर २०२३

ति. अक्का,
शरणार्थ.

सात महिन्यांत तुझं एक पत्र नाही. फोनवर नुसतं ‘बरं चाललंय’ म्हणतेस. पण आज तक्रार करायला बसलो नाही. जे झालं ते लिहितो. आईला वाचून दाखवायचं की नाही ते तू ठरव.

पाऊस सुरू झाला. गावातल्या सगळ्या शेतांत ते गोल ढीग होते आणि गेल्या आठवड्यात लोक ते कुदळीनं फोडून रानभर पसरायला लागले. आतून काळीभोर माती निघत होती. त्यावर नाचणी पेरत होते. फक्त युस्तिनाचं शेत रिकामं. मी देओला सहज विचारलं, म्हातारी पेरत का नाही?

देओनं माझ्याकडे असं पाहिलं की मला खाली बघावं लागलं. मग त्यानं सांगितलं. पाऊस चालू असताना, गवत हिरवं असताना, हे लोक कुदळीनं गवताची मुळासकट ढेकळं उलटी करून रचतात. गवत आत, माती बाहेर. वर्षभर ते आत कुजतं. पुढच्या पावसात तेच खत आणि तीच पेरणी. त्याला ते इंतुम्बा म्हणतात. मी ज्याला कचरा समजलो ते युस्तिनाचं पुढच्या वर्षीचं जेवण होतं. चौसष्ट ढीग. माझा अंदाज होता, तिला आकडा पाठ आहे.

एवढ्यावर थांबत नाही. ढीग घालणं एकट्याचं काम नव्हे. शेजारी हाताखाली येतात आणि त्यांना नाचणीची बिअर करून पाजावी लागते. नाचणी नाही तर बिअर नाही, बिअर नाही तर माणसं नाहीत, माणसं नाहीत तर पुढच्या वर्षीचे ढीगही नाहीत. गेलेल्या नवऱ्याच्या नावानं तिला यंदाच्या पिकावर गावाला बिअरला बोलवायचं होतं, तेही राहिलं. मी तासाभरात तिची दोन वर्षं सपाट केली आणि तुला लिहिलं, बाया नाचल्या.

मी देओवर चिडलो. तू तेव्हाच का बोलला नाहीस? तो म्हणाला, “ते तिचं बोलणं होतं, माझं नव्हतं. ती रोज बोलायलाच येत होती. आमच्याकडे कुणाच्या दारात जाऊन एकदम गाऱ्हाणं मांडत नाहीत. आधी त्याची विचारपूस करायची. मग तो आपली करतो. त्यानं विचारलं, तुझं शेत कसं आहे, की मग सांगायचं. तिनं दहा महिने तुमच्या आईचं शेत विचारलं. तुम्ही तिचं एकदाही उलट विचारलं नाही.”

अक्का, मला लाज वाटते. मी तिला बिस्किटं दिली. ती बसून राहायची ती एका प्रश्नासाठी आणि मी गाडी चालू करायचो. एप्रिलच्या आधी विचारलं असतं तर गवत हिरवं होतं, माती ओली होती, सगळं परत रचता आलं असतं.

एक गोष्ट मनातून जात नाही. मी शाळेसाठी लहानपणीच अंबाजोगाईला गेलो, मला शेतीतलं कळत नाही हे कबूल. पण ते पत्र तू वाचलंस, आईनं ऐकलं. तुम्हाला तरी कळलं नाही का गं?

तुझा,
सिद्धाराम

केज
२ जानेवारी २०२४

चि. सिद्धाराम,
अनेक आशीर्वाद.

कळलं होतं.

मला नाही, आईला. पत्र अर्धं वाचून झालं होतं तेव्हाच तिनं माझा हात धरला. म्हणाली, “थांब. गवत मातीखाली हाय न्हाई का? आगं ते खत हाय. कुनाचा उकंडा आसा सपाट करतेत का? त्या बाईचं वरीस गेलं. लिव त्येला आजच. आजच्या आज फोन कर.” तुला आठवतं का ते मला माहीत नाही, पण दिवाळीत आई उकंड्यावर पणती ठेवायची. तू एकदा हसला होतास, घाणीची कसली पूजा म्हणून, आणि तिनं तुझ्या हातातली करंजी काढून घेतली होती.

मी ‘हो, लिहिते’ म्हटलं आणि १४ मार्चचं ते पत्र लिहिलं. ‘असो’ म्हणून पुढं गेले तेच ते. त्या रविवारी तुझा फोन आला, आई खाटेवरून हातवारे करत होती, सांग म्हणून. मी तुला हवापाणी विचारलं. तेव्हा तिकडं पाऊस होता, गवत हिरवं होतं. तू एप्रिलचं लिहिलंस ते वाचल्यापासून माझ्या डोक्यातून ती तारीख जात नाही.

का नाही सांगितलं ते लिहिते. तू सुरतेचं काम सोडून आलास, मग पुण्याचं. दोन्ही वेळा तुझंच खरं होतं. आणि दोन्ही वेळा तू वर्ष वर्ष दुकानाच्या पायरीवर बसून होतास, कुणाशी न बोलता, आणि मी तुझ्या अंगावरून माल आत घेत होते. तुला हे कळलं की तू तिथूनही उठून येशील, असं वाटलं. मला ते वर्ष पुन्हा नको होतं. एका अनोळखी म्हातारीचं पोट आणि माझं ते एक वर्ष, यात मी माझं वर्ष निवडलं. खरं कारण हेच आहे.

याहून वाईट पुढं आहे. आई रोज विचारायची, त्याचं उत्तर आलं का. मे महिन्यात तुझं बिस्किटांचं पत्र आलं. ते मी तिला वाचलंच नाही. तोच कागद हातात धरून मनानं वाचत गेले. सिद्धारामनं बाईला हात जोडले, चार माणसं घेतली, सगळे ढीग पुन्हा रचून दिले, बाईनं त्याला जेवायला घातलं. आई रडली. म्हणाली, “माजं दूध वाया न्हाई गेलं.” त्यानंतर तुला पत्र लिहायला मी कागद घेऊन बसायचे आणि उठायचे. या दिवाळीत तिनं मंजुषाकडून, शेजारच्या सुनेकडून, दोन पणत्या लावून घेतल्या. एक आपल्या उकंड्याला, एक त्या बाईच्या.

आता तिचं एकच मागणं आहे. त्या रानातली मूठभर नाचणी पाठव म्हणते. आपल्याच दुकानातली काढून तिच्या हातावर ठेवावी, असं मागच्या मंगळवारी माझ्या मनात आलं. पोत्यापर्यंत गेलेही होते.

तू आता काय करणार ते कळव. मला काही म्हणायचं असेल तर तेही म्हण.

शिवगंगा

सुम्बावांगा
१७ मार्च २०२४

ति. अक्का,
शरणार्थ.

तुझं पत्र आलं त्या दिवशी फार राग आला. दोन महिने लिहिलं नाही. मग लक्षात आलं की डोझर मी फिरवला होता, तू नव्हे.

तुझं पत्र यायच्या आधीच, जानेवारीत, मी युस्तिनाच्या दारात गेलो. उकिडवा बसलो, टाळ्या वाजवल्या. देओनं शिकवलं तसं सगळं विचारलं. झोप, गुडघे, नातवंडं, कोंबड्या. शेवटी विचारलं, तुमचं शेत कसं आहे? ती सांगायला लागली ती तासभर सांगत होती. आवाज चढवला नाही. मी देओला एकही वाक्य गाळू नकोस म्हटलं होतं आणि त्यानं गाळलं नाही. मी मक्याची पोती नेली होती. ती म्हणाली, यानं पोट भरेल, शेत नाही. मी माफी मागितली. ती उठून आत गेली आणि कुदळ घेऊन आली.

कंपनीची सुट्टी साठली होती, ती घेतली. दोन महिने ढेकळं उलटी करतो आहे. पहिले दहा ढीग तिनं पायानं ढकलून मोडले, गवत बाहेर राहिलं होतं म्हणून. देओ येतो, त्याची बहीण येते. बिअरशिवाय बाकी कुणी आलं नाही आणि मी कुणाला दोष देत नाही. काल एकसष्टावा झाला. तळहाताला घट्टे पडले आहेत, पेन नीट धरता येत नाही.

मी काम सोडून येत नाही, अक्का. पुढच्या पावसात हे पसरायचे आहेत, मग पेरणी, मग काढणी. तोवर इथून हलणार नाही. पण आईला खरं सांग. मी जे करतो आहे ते तिच्या मते कधीच झालेलं आहे आणि त्याचे आशीर्वाद मी फुकट घेतो आहे.

सिद्धाराम

केज
१४ एप्रिल २०२४

चि. सिद्धाराम,
अनेक आशीर्वाद.

सांगितलं. सगळं सांगितलं, मे महिन्यातल्या खोट्या पत्रासकट. दोन दिवस आईनं माझ्या हातचं पाणी घेतलं, पण तोंड भिंतीकडे. तिसऱ्या दिवशी मंजुषाला हाक मारली आणि तुझं १७ मार्चचं पत्र तिच्याकडून वाचून घेतलं. मी दाराशी होते. वाचून झाल्यावर मंजुषाला म्हणाली, “ह्येच लिवलंय न्हवं? दुसरं कायबी न्हाई न्हवं?” मंजुषाला काही कळेना, ती माझ्याकडे बघायला लागली.

यापुढं तुझी पत्रं मंजुषा वाचणार. मी दारात बसून ऐकेन. मला हे मिळायलाच हवं होतं, म्हणून काही म्हणत नाही. पण चाळीस वर्षं या घरात आलेला प्रत्येक कागद मी वाचला आहे.

आईनं त्या बाईसाठी निरोप दिला आहे. तिनं सांगितला तसा, शब्दाला शब्द उतरवते, मंजुषानं तपासला आहे: “बाई, मी सिद्धारामची आई. माजं शेत बरं हाय. तुमचं कसं हाय? गुडगं कसं हायेत? मालक गेल्यावर कसं केलंत? तुमी सांगा, मला येळ हाय. पोराला घाई आसती, मला न्हाई.”

शिवगंगा

सुम्बावांगा
२२ जून २०२५

ति. अक्का,
शरणार्थ.

हे पत्र एका सहकाऱ्याबरोबर पाठवतो आहे. तो लातूरला घरी निघाला आहे, केजला उतरून देईल. सोबत कापडाची पुरचुंडी आहे.

नाचणी झाली. युस्तिना म्हणते, मध्यम झाली, तिच्या हातची याहून चांगली होते. गेल्या शनिवारी तिनं नवऱ्याच्या नावानं गावाला बोलावलं. बिअर झाली, सगळे आले. मला मागच्या ओळीत बसवलं, माझं नाव कुणी घेतलं नाही. तेच बरोबर होतं. वर्षभर उशीर झाला तेवढ्यात ज्यांना यायचं होतं त्यांतले दोघे म्हातारे वारले आहेत. ते मी काही केलं तरी भरून येणार नाही.

पुरचुंडी तिनं स्वतः बांधली. आईच्या निरोपाचं उत्तर शेत पिकल्यावरच देईन म्हणाली होती, ते आता दिलं: “माझं शेत आता बरं आहे. गुडघे दुखतात. नवरा गेल्यावर पहिलं वर्ष फार वाईट गेलं. ते मला फारसं कुणी विचारलं नव्हतं. तुमचं कसं गेलं?”

अक्का, मी तुला किती पत्रं लिहिली ती आठवून बघितली. एकातही विचारलेलं नाही. तू दुकान एकटी बघतेस, आईला एकटी उचलतेस, मी पायरीवर बसलो होतो तेव्हाही एकटीच होतीस. तू त्या मार्चमध्ये मला सांगितलं नाहीस, कारण त्याआधी मी तुला कधी काही विचारलंच नव्हतं. म्हणून आता विचारतो आणि गाडी चालू करत नाही. तू कशी आहेस?

आईला माझी विनंती आहे की हे पत्र अक्काच्या तोंडून ऐक.

तुझा,
सिद्धाराम

केज
२० जुलै २०२५

चि. सिद्धाराम,
अनेक आशीर्वाद.

तुझी विनंती मंजुषानंच आईला वाचून दाखवली. आई म्हणाली, “दे तिच्याकडं.”

मी कानाशी बसून पहिल्यापासून वाचलं. त्या बाईच्या निरोपाशी आले आणि तो दोनदा वाचला. आईनं लगेच विचारलं, “खरंच लिवलंय का तसं?” मी कागद तिच्या हातात दिला. तिला अक्षर दिसत नाही, तरी तिनं बोटांनी सगळा कागद चाचपला, मागूनसुद्धा. मग परत दिला आणि म्हणाली, “फुडं वाच.” पुढच्या प्रत्येक दोन ओळींनी तिनं हेच विचारलं आणि दर वेळी मी कागद दिला. पत्र संपायला दुपार झाली. आता बहुतेक असंच चालेल.

नाचणी तिनं दळू दिली नाही. थोडी उकंड्याजवळ टाकायला लावली आणि उरलेली उशाशी ठेवली आहे. बाईला तिचं उत्तर वेगळ्या कागदावर आहे, चार पानं. बाबा गेल्यावरचं पहिलं वर्ष कसं गेलं ते तिनं सांगितलं. मी याच घरात होते, आणि त्यातलं निम्मं मला माहीत नव्हतं.

तू विचारलंस म्हणून सांगते. मी बरी नाही. उजवा खांदा दोन वर्षं दुखतो आहे, आईला उचलताना डोळ्यांत पाणी येतं. आणि केलं ते मनातून जात नाही. दुकानात कुणी नाचणी मागितली की मी माप दुसऱ्याच्या हातात देते.

अजून बरंच आहे. सावकाश लिहीन. तू कसा आहेस, तळहात कसे आहेत, ते आधी कळव.

तुझी,
शिवगंगा